प्रार्थनामंदिर कोणाच्या मालकीचे?

ख्रिस्ती मंडळ्यांनी आपली प्रार्थनामंदिरे स्वतःच्या मालकीची करावीत काय, आणि ती बांधण्याचा व राखण्याचा खर्च स्वतःच सोसावा काय, हा प्रश्न घेऊन कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता वसंत व्याख्यानमालेत उभा राहतो, याचे पुष्कळांना नवल वाटेल. आम्ही ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचे पंडित तर मुळीच नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे, आणि गेटसभेत, युनियनच्या दप्तरात व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. परंतु जागा कोणाची, पैसा कोणाचा आणि शब्द कोणाचा चालायचा, या तीन प्रश्नांच्या नादात आमचे आयुष्य गेले. प्रस्तुत प्रश्न मुळात त्याच तीन प्रश्नांचा आहे.

शिवाय तो आमच्याकडे चालत आला. आमच्या सभासदांत ठाण्याचे, कल्याणचे, अंबरनाथचे ख्रिस्ती कामगार पुष्कळ. कोणाची मंडळी रविवारी शाळेच्या वर्गात भरते, कोणाची भाड्याच्या हॉलमध्ये, तर कोणाची शंभर वर्षांच्या दगडी मंदिरात. एकाला जागा हवी आहे आणि मिळत नाही. दुसऱ्याला असलेली जागा सांभाळवत नाही. त्यातच ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. जिथे कौलारू घर व चिंचेचे झाड होते तिथे आज तीस मजले उभे आहेत. अशा वेळी देवळाच्या आवारातली पाच गुंठे मोकळी जागा बिल्डरच्या डोळ्यांत भरते आणि पंचांच्या हाती कागद येतो. त्या कागदावर सही कोणी करावयाची? हा विचार कागद येण्यापूर्वी झालेला बरा.

मंडळी आणि इमारत

आरंभी एक शब्द सोडवून घेऊ. ‘चर्च’ या शब्दाने आपण इमारतही दाखवतो आणि माणसांचा समुदायही. मराठी प्रॉटेस्टंटांनी समुदायासाठी ‘मंडळी’ हा सुरेख शब्द योजला. वसईकडचे कॅथलिक इमारतीला सरळ ‘देऊळ’ म्हणतात. दोन वस्तू, दोन शब्द. बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही सभा, जमाव असाच आहे. पहिली दोन-अडीच शतके ख्रिस्ती लोक बहुधा एकमेकांच्या घरीच जमत. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपस नावाच्या जुन्या शहराचे उत्खनन झाले, त्यात तिसऱ्या शतकातील असे एक घर सापडले. दोन खोल्यांमधील भिंत पाडून सभेची जागा केलेली. आपल्याकडे चाळीत गणपतीसाठी दोन खोल्यांमधले पार्टिशन काढतात, तसाच हा प्रकार!

आमच्या ठाण्याची गोष्ट याहून जवळची. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला उतरले आणि येथेच मारले गेले. त्यांच्यानंतर आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, गावात नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती आणि साधू त्यांच्यापैकीच एका घरी उतरले होते. सातशे वर्षांमागे ठाण्यात ख्रिस्ती समाज होता. त्याची ओळख राहिली ती घरांच्या संख्येने, कोणत्याही शिखराने नव्हे. याच्या उलट वसईच्या किल्ल्यात जाऊन पाहा. भव्य कमानी आहेत, जाड भिंती आहेत. वर छप्पर नाही आणि खाली मंडळी नाही. इमारतीशिवाय मंडळी असू शकते, मंडळीशिवाय इमारत म्हणजे नुसता दगड.

मग इमारत हवीच कशाला? याचे उत्तर कोकणातल्या पावसात आहे. गेटसभा झाडाखाली होते. पण वर्गणीचे रजिस्टर आषाढात झाडाखाली राहत नाही. लग्न, बारसे, अंत्यविधी, मुलांचा वर्ग, अडल्यानडल्याला भेटण्याचे ठिकाण, कागदपत्रांचे कपाट, हे सारे छपराखालीच होते. तेव्हा छप्पर हवे. ते कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या नावावर, एवढाच प्रश्न उरतो. इतिहासात याची चार उत्तरे दिली गेली: राजाने द्यावे, सरकारने द्यावे, परदेशच्या मिशनने द्यावे, किंवा मंडळीने स्वतः उभारावे. चारही उत्तरे आपल्या या मुलखात प्रत्यक्ष होऊन गेली आहेत, हे आपले भाग्य. दाखल्यांसाठी फार लांब जावे लागत नाही.

राजाचे छप्पर

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई व साष्टी पोर्तुगिजांना दिली. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून एक अधिकार मिळाला होता, त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. त्याचा व्यवहार सोपा होता: देवळांचा व पाद्र्यांचा खर्च राजाने करावा आणि बिशप नेमण्यात राजाचा शब्द चालावा. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी उभे असलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च त्याच पोर्तुगीज काळाचा वारसा सांगते. राजा आहे तोवर हे सारे झकास चालते. परंतु १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आणि राजाचा हात आखडला. किल्ल्यातील देवळे गोऱ्या वस्तीबरोबर ओस पडली. गावोगावचे ख्रिस्ती शेतकरी व कोळी मात्र आपल्या जागी राहिले, आणि त्यांची देवळेही पुन्हा उभी राहिली. राजाची देवळे राजाबरोबर गेली. गावाची गावाबरोबर राहिली.

मुंबईची कथा याहून बोधप्रद आहे. बेट इंग्रजांकडे आले, पण कॅथलिक देवळांवर गोव्याच्या आर्चबिशपचा हक्क की रोमहून नेमलेल्या धर्माधिकाऱ्याचा, हा वाद दोनशे वर्षे चालला. १७२० साली इंग्रज सरकारने एका पक्षाला काढून दुसऱ्याला बसवले. १७८९ साली पुन्हा उलट केले. १७९१ साली पुन्हा पालटले. आणि १७९४ साली देवळांची वाटणी करून दोन इकडे, दोन तिकडे दिली. भावाभावांच्या वाटणीत भांडी वाटतात तशी! १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल देवळात बिशप हार्टमन आत कोंडून घेऊन बसले आणि विरोधी पक्षाने बाहेरून वेढा दिला. शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले आणि देऊळ गोव्याच्या पक्षाकडे गेले. ही दुहेरी सत्ता मुंबईत पूर्णपणे संपली ती १९२८ च्या करारानंतर. एवढ्या काळात देवळाचे दिवे ज्यांच्या पैशाने लागत होते त्या कोळ्या-कुणब्यांना निर्णायक मत कितीदा विचारले गेले असेल, याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा.

सरकारचे छप्पर

इंग्रजी अमदानीत ठाण्याला फौज होती, साहेब होते. त्यांच्यासाठी सेंट जेम्स चर्च झाले. १८२५ साली कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी स्वतः येऊन त्याचे समर्पण केले. असल्या मंदिरांवरील धर्मोपदेशकांचा पगार कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या तिजोरीतून जाई. तिजोरीत पैसा कोणाचा? भात पिकवणाऱ्या रयतेचा. म्हणजे मुरबाडच्या शेतकऱ्याने सारा भरावा आणि ठाण्याच्या साहेबाने त्यावर प्रार्थना करावी. यात रयतेवर अन्याय होता, आणि थोडा विचार केला तर चर्चवरही होता. कारण पगार देणाऱ्याविरुद्ध व्यासपीठावरून बोलणे कोणालाही जड जाते. इंग्लंडच्या पार्लमेंटने १९२७ साली कायदा केला आणि १९३० पासून हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून स्वतंत्र झाले. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धर्मखातेही बंद झाले. आपल्या राज्यघटनेच्या २६ व्या कलमाने प्रत्येक धर्मसंप्रदायाला मालमत्ता घेण्याचा, बाळगण्याचा व कायद्याप्रमाणे तिची व्यवस्था पाहण्याचा हक्क दिला; २७ व्या कलमाने विशिष्ट धर्माच्या पोषणासाठी कोणाकडून कर घेण्यास बंदी केली. दोन्ही कलमे शेजारी शेजारी आहेत, हे ध्यानात घ्यावे. हक्क तुमचा, तसाच खर्चही तुमचा.

जगात सर्वत्र असेच आहे असे नाही. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्य वेगळे झाले, तरी त्यापूर्वीची जुनी कॅथलिक देवळे सरकारच्या व नगरपालिकांच्या मालकीची राहिली. चर्चला ती विनामूल्य वापरावयास मिळतात. म्हणून २०१९ साली पॅरिसचे नोत्र दाम आगीत सापडले तेव्हा मालक या नात्याने सरकारला उभे राहावे लागले. पैसा मात्र जगभरच्या देणग्यांतून आला. जर्मनीत चर्चच्या सभासदाच्या आयकरावर आठ किंवा नऊ टक्के चर्चकर बसतो व तो सरकारच वसूल करून देते. कारखान्यात युनियनची वर्गणी पगारातून परस्पर कापून देण्याची पद्धत असते, तसेच हे. सोय मोठी, पण आमचा अनुभव असा की, वर्गणी परस्पर कापली जाऊ लागली की सभासदाचे दार ठोठावणे बंद होते, आणि दार ठोठावणे बंद झाले की ओळख बंद होते.

मिशनचे छप्पर

तिसरे उत्तर मराठी ख्रिस्त्यांच्या सर्वांत निकटचे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणे मांडले आणि १८३३ साली तेथे मंडळी स्थापन झाली. शाळा, दवाखाने, प्रार्थनामंदिरे उभी राहिली, त्यांत त्या लोकांच्या कष्टांना व उदारपणाला तोड नाही. तथापि जमिनीच्या कागदावर नाव मिशनचे, पाळकाचा पगार मिशनचा, शिक्षकाचा पगार मिशनचा. त्या मिशनच्या बोस्टन येथील मंडळाचे कार्यवाह रूफस अँडरसन यांनी या रीतीतला धोका ओळखला. ते १८५४-५५ साली स्वतः हिंदुस्थानात आले. नगरला हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघा मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १८५४ सालीच. अँडरसन आणि इंग्लंडचे हेन्री व्हेन यांनी सांगितलेले सूत्र असे: मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः चालवावा, स्वतःचा प्रसार स्वतः करावा.

सूत्र सुंदर, पण गावात जाऊन पाहा. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले, बिनजमिनीचे, आणि मुलूख दुष्काळाचा. १८७६-७७ चा दुष्काळ झाला, १८९९-१९०० चा झाला. ज्याच्या घरी भाकरी नाही त्याला ‘आपले मंदिर आपण बांध’ म्हणून सांगणे क्रूरपणाचे झाले असते. म्हणून मिशनने बांधले, आणि त्या वेळी ते योग्यच होते. परंतु तात्पुरते म्हणून घेतलेले कुबडीचे साधन पुढे पायाच्या जागी बसते. नारायण वामन टिळकांनी ते ओळखले. त्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही परकी पैशावर व परकी वळणावर न विसंबणारी मराठी ख्रिस्ती बंधुता उभारण्याचा प्रयत्न आरंभिला. १९१९ साली त्यांचा अंत झाल्याने तो प्रयोग वाढला नाही. पण प्रश्न त्यांनी नेमका विचारला होता.

कोरियात याच प्रश्नाला दुसरे वळण मिळाले. चीनमध्ये काम केलेले जॉन नेव्हियस हे मिशनरी १८९० साली कोरियात गेले आणि तेथील तरुण मिशनऱ्यांना त्यांनी सांगितले: मंदिरे त्या देशाच्या बांधणीची असावीत, आणि तेथील ख्रिस्त्यांना आपल्या पैशाने बांधता येतील एवढीच असावीत. म्हणजे मातीचे घर परवडत असेल तर मातीचे! तेथील प्रेस्बिटेरियनांनी ही रीत स्वीकारली, आणि कोरियातील ख्रिस्ती मंडळ्या आपल्या पायांवर उभ्या राहिल्या त्याच्या कारणांत हे एक मोठे कारण मानले जाते. यातला सिद्धांत आम्हांला फार पटतो. ऐपतीपेक्षा मोठी इमारत फुकट मिळाली तरी महाग पडते. कारण बांधणारा एकदा देतो, राखणाऱ्याला दरसाल द्यावे लागते.

पेनीची ताकद

चौथे उत्तर, मंडळीने स्वतः उभारावे हे. याचा जगातला सर्वांत मोठा प्रयोग १८४३ साली स्कॉटलंडमध्ये झाला. तेथील सरकारमान्य चर्चमध्ये गावचा पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा होता. मंडळीला नको असलेला पाळक तिच्या माथी मारता येतो काय, यावर दहा वर्षे भांडण झाले आणि अखेरीस पावणेपाचशेच्या आसपास पाळक एकदम चर्चमधून बाहेर पडले. बाहेर पडले म्हणजे काय? मंदिर सोडले, राहते घर सोडले, पगार सोडला. आमच्या भाषेत, तत्त्वासाठी केलेला हा संपच; फक्त कामावर परत न जाण्याचा. मुंबईपर्यंत त्याचे धक्के बसले. विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन व त्यांचे सहकारी बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूने गेले, तेव्हा त्यांच्या संस्थेसाठी उभी राहत असलेली इमारत त्यांना सोडावी लागली. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांच्यावरही तीच पाळी आली. विद्यार्थी त्यांचे, शिक्षक त्यांचे, इमारत मात्र कागदावर ज्यांची त्यांची.

पुढचा प्रश्न पैशाचा. या लोकांचे पुढारी टॉमस चामर्स यांनी हिशेब मांडला: प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, ती सगळी एका फंडात जमा व्हावी आणि फंडातून सर्व पाळकांना सारखा वाटा मिळावा, म्हणजे श्रीमंत शहराने गरीब खेड्याला आपोआप उचलून धरावे. थोड्याच वर्षांत सातशेच्या आसपास नवी मंदिरे उभी राहिली. गिरणगावात चार-चार आणे गोळा करून लढे चालवले गेले. त्याच्या कितीतरी आधी स्कॉटलंडच्या विणकऱ्यांनी व शेतमजुरांनी पेनीने चर्च चालवून दाखवले. काही जमीनदारांनी जागा द्यायचे नाकारले. स्ट्राँशियन येथील मंडळीने त्यावर तोड काढली: १८४६ साली लोखंडाचे तरंगते चर्च बांधून घेतले आणि खाडीत नांगरून ठेवले! जमीन साहेबाची असेल, पाणी तर देवाचे.

परंतु याच चळवळीला एक डाग आहे आणि तोही सांगितला पाहिजे. नव्या मंदिरांसाठी त्यांनी अमेरिकेतून देणग्या आणल्या; त्यांत गुलामांच्या मालकांचा पैसा होता. फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामगिरीतून निसटून आलेला, त्याने १८४६ साली स्कॉटलंडभर सभा घेतल्या आणि ‘पैसे परत पाठवा’ अशी हाक दिली. पैसे परत गेले नाहीत. स्वतःचे छप्पर उभारण्याच्या घाईत कोणापुढे हात पसरावा, याचा विवेक सुटला. आज आमच्या गावांत कोणी पुढारी निवडणुकीपूर्वी मंदिराला फरशी घालून देतो, कोणी बिल्डर कमान बांधून देतो. कोणत्याही धर्माच्या विश्वस्तांनी ती फरशी पायाखाली घेताना डग्लसची हाक आठवावी.

आतल्या माणसाचा पैसाही निर्दोष असतोच असे नाही. मुंबईचे सेंट थॉमस चर्च वर्गणीनेच पुरे झाले. आंजिअरच्या काळी आरंभ झाला, मग भिंती कित्येक वर्षे तशाच अर्धवट उभ्या राहिल्या; १७१५ साली रिचर्ड कॉब या पाद्र्याने पुन्हा वर्गणी जमवली आणि १७१८ च्या नाताळात मंदिर उघडले. उघडल्यावर बाकांची व्यवस्था झाली ती हुद्द्याप्रमाणे. वरचे साहेब पुढे, खालचे मागे. म्हणून ‘मंडळीने स्वतः द्यावे’ एवढे म्हणून भागत नाही. ‘सर्वांनी थोडे थोडे द्यावे’ असे म्हणावे लागते. एकाने लाख दिले तर एक मालक होतो. हजारांनी शंभर-शंभर दिले तर मंडळी मालक होते.

कागदावर नाव कोणाचे?

आता कायद्याकडे वळू. कारण भावनेने मंदिर आपले असते, पण सिटी सर्व्हेच्या कचेरीत मालमत्ता पत्रक बोलते. आपल्या राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. तो देऊळ, चर्च, अग्यारी, सर्वांना सारखा लागू. मालमत्ता विश्वस्तांच्या नावे. पण विश्वस्त मालक नव्हेत, राखणदार होत. हिशेब तपासून सादर केले पाहिजेत, आणि या कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून स्थावर मालमत्ता विकता येत नाही. कॅथलिकांच्या स्वतःच्या धर्मकायद्यातही प्रत्येक धर्मग्राम ही स्वतंत्र व्यक्ती मानलेली असून तिची मालमत्ता तिचीच असते. धर्मगुरूने ती सांभाळावी आणि त्याच्या साहाय्याला अर्थविषयक समिती असावी, असे १९८३ च्या संहितेत आहे. समिती आहे काय, ती बसते काय, हे विचारणे भाविकाच्या हाती आहे.

कागद न वाचल्याने काय होते याचा एक मोठा दाखला घ्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा प्रॉटेस्टंट चर्चांचे एकीकरण होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ निघाले. एकीकरण मनापासून झाले. परंतु गुजरातेतील ब्रदरन मंडळींच्या मालमत्तेविषयी भांडण लागले. ठराव करून विलीन झाल्याने नोंदलेल्या संस्थेची मालमत्ता नव्या चर्चकडे आपोआप जाते काय? खटला खालून वर चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ साली निकाल झाला: नाही, नुसत्या ठरावाने जात नाही, कायद्याने सांगितलेली रीत पाळली पाहिजे. त्रेचाळीस वर्षे! ठराव करणाऱ्यांपैकी किती जण तो ऐकायला उरले असतील?

मालकीचे ओझे

आतापर्यंतचे ऐकून कोणी म्हणेल, मग उत्तर सोपे आहे. प्रत्येक मंडळीने जागा घ्यावी आणि मोकळे व्हावे. पण आमचा अनुभव दुहेरी आहे, तो सांगतो. एका कारखान्याच्या आवारात आमच्या युनियनला एक खोली होती. मालकाने दिली म्हणून ती फुकट होती. कारखाना बंद पडला त्या आठवड्यात खोलीला कुलूप लागले आणि वीस वर्षांची रजिस्टरे पोत्यांत भरून एका सभासदाच्या पोटमाळ्यावर गेली. दुसऱ्याच्या छपराखाली दुसऱ्याच्या मर्जीने राहावे लागते, हा पहिला अनुभव. दुसरा याच्या उलट. स्वतःची मोठी इमारत असलेल्या काही संघटना आम्ही पाहिल्या. खाली गाळे, वर लग्नाचा हॉल, महिन्याला भाडे भरपूर. कारखाने गेले, सभासद गेले, वर्गणी थांबली. तरी पदाधिकारी जागेवर आणि इमारत जागेवर. सभासदांवाचून चालणारी संघटना! भाड्यावर जगणाऱ्या संस्थेला माणसांची गरज उरत नाही, आणि माणसांची गरज उरली नाही की तिच्या निवडणुकीला, सभेला व हिशेबाला अर्थ राहत नाही. धर्मसंस्थेलाही हे रोग जडू शकतात. त्याला धर्म आड येत नाही.

पागडी हा आपल्याकडचा तिसरा नमुना. रक्कम मालकासारखी मोजायची, डागडुजी मालकासारखी करायची, आणि नाव मात्र भाडेकरूचे! कित्येक छोट्या मंडळ्या, वाचनालये व युनियनच्या कचेऱ्या अशाच खोल्यांत वाढल्या, आणि चाळ पाडायला निघाली की त्यांची गठडी वळते.

तेव्हा मालकी हवी. पण मालकीने माणसांची जागा घेता कामा नये. हे साधते, याचा पुरावा ठाण्यातच आहे. बेने इस्रायल समाजाचे ‘शआर हाशमायिम’ हे सभागृह १८७९ चे. समाज लहान; १९४८ नंतर त्यातले पुष्कळजण इस्राएलला गेले; तरी राहिलेल्यांनी सभागृह चालू ठेवले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. त्यांना कोणी राजा नव्हता की मिशन नव्हते, वर्गणीदार होते. अलीकडचा दाखला म्हणजे केरळातून नोकरीधंद्यासाठी आलेल्या सायरो-मलबार ख्रिस्त्यांचा. १९८८ साली कल्याण हे त्यांच्या नव्या धर्मप्रांताचे केंद्र झाले. आपले गाव सोडून आलेल्या माणसांनी येथे नव्याने मंडळ्या जमवल्या. आधी माणसे, मग जागा. क्रम हाच बरोबर.

गरिबाने काय करावे, हा आक्षेप मात्र शिल्लक राहतो आणि तो खरा आहे. ज्या मंडळीत सारे घरकाम करणाऱ्या बायका व बिगारी, तिने ठाण्यात जागा कशी घ्यावी? आमचे उत्तर असे. मदत घेण्यात कमीपणा नाही. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपाला परदेशच्या कामगारांनी पैसे पाठवले होते. ती भिक्षा नव्हती, बंधुभाव होता. पण ती संपापुरती होती. युनियनचा रोजचा खर्च त्यावर कोणी चालवला असता तर युनियन पाठवणाऱ्यांची झाली असती. तसेच छपरासाठी एकदा मदत घ्यावी. दिव्याचे बिल मात्र स्वतः भरावे. इमारत कोणी बांधली यापेक्षा ती दरमहा कोण चालवतो, यावर तिचा खरा मालक ठरतो. गावाकडच्या मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या सणाला कोणी पायली धान्य आणते, कोणी कोंबडी, कोणी भोपळा. त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीत जमा होतात. रक्कम किरकोळ असते. परंतु भोपळा आणणारी म्हातारी पुढच्या सभेत ‘हिशेब सांगा’ म्हणून ताठ मानेने विचारू शकते. तो अधिकार परदेशी चेकने विकत मिळत नाही.

शेवटी आमचे म्हणणे चार वाक्यांत सांगून रजा घेतो. एक, मालमत्ता पत्रकावर आणि विश्वस्तांच्या नोंदीत आज कोणाची नावे आहेत हे प्रत्येक मंडळीने या वर्षी कचेरीत जाऊन पाहावे. मेलेल्या विश्वस्तांची नावे तशीच असतील तर बदलून घ्यावीत. दोन, दरमहाचा चालू खर्च सभासदांच्या वर्गणीत बसेल एवढाच ठेवावा. भाड्याचे उत्पन्न असल्यास ते दुरुस्तीसाठी व गरजूंसाठी वेगळे काढावे. तीन, वर्षातून एकदा सगळा हिशेब मराठीत, मोठ्याने, सर्वांसमोर वाचावा. चार, जागा विकण्याचा किंवा विकसनास देण्याचा विचार असेल तर तो विश्वस्तांच्या खोलीत न ठरता भरसभेत ठरावा, आणि मग धर्मादाय आयुक्तांकडे जावा.

हे चार नियम आम्ही ख्रिस्ती मंडळ्यांसाठी सांगितले. पण आमच्या श्रोत्यांत देवळांचे विश्वस्त आहेत, सोसायट्यांचे चिटणीस आहेत, वाचनालयांचे कार्यवाह आहेत आणि युनियनचे पदाधिकारीही आहेत. त्यांनी आपापल्या घरी जाऊन आपापले कपाट उघडावे आणि कागद वाचावेत. जागा जाते ती एका दिवसात. पण ती जाण्याची तयारी अनेक वर्षे न वाचलेल्या कागदांत चाललेली असते.